पॉइंट जमा होत नाहीत, आणि ‘आज संपणार’ असे मेसेज मात्र रोज येतात

रिवॉर्ड पॉइंट आणि कॅशबॅकच्या तक्रारी दोन तऱ्हेच्या असतात. पहिली : “खरेदी झाली, पैसे गेले, पण पॉइंट काही जमा झाले नाहीत.” दुसरी : “माझे नऊ हजारांचे पॉइंट आज रात्री बाराला संपणार म्हणे, पटकन काढून दे.” इंदूरच्या सुदामा नगरात माझं एमपी ऑनलाइनचं, म्हणजे मध्य प्रदेशच्या सरकारी ऑनलाइन सेवांचं, दुकान आहे. वीजबिलं, परीक्षांचे फॉर्म, समग्र आयडीतल्या दुरुस्त्या ही रोजची कामं. पण राखी ते लग्नसराई या काळात काउंटरवर मोबाईल ठेवून लोक या दोन गोष्टी विचारतात म्हणजे विचारतातच.

वरकरणी दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. पहिलीत चोर कुणी नसतो, कुठेतरी एखादी अट आडवी आलेली असते. दुसरीत पॉइंटच नसतात. तरी मी दोन्ही इथे एकत्र लिहितोय, कारण ज्याचे पॉइंट खरोखर अडकलेत तोच वैतागून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, आणि वर जो पहिला नंबर दिसेल तो फिरवतो. तो नंबर कुणीही टाकलेला असू शकतो. पलीकडचा माणूस “सर, आत्ता क्रेडिट करतो, फक्त हे अ‍ॅप घ्या” म्हणून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो. एनीडेस्कसारख्या अ‍ॅपमधून होणाऱ्या या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. सोशल मीडियावर कंपनीला टॅग करून तक्रार लिहिली तरी तेच. काही मिनिटांत कंपनीचा लोगो लावलेलं एखादं खातं “तुमचा नंबर पाठवा” म्हणत हजर होतं.

तेव्हा पहिला नियम : अडकलेले पॉइंट ज्या अ‍ॅपमध्ये अडकले, त्याच अ‍ॅपच्या ‘हेल्प’मधून सोडवायचे. बाहेर जायचं नाही.

भांडण्याआधी किंमत काढा

दोन हजार पॉइंट म्हटलं की दोन हजार रुपये गेल्यासारखं वाटतं. तसं नसतं. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर चार पॉइंटचा एक रुपया होतो. म्हणजे दोन हजारांचे पाचशे. त्यावर काही कार्डं पॉइंट वटवण्याची फी लावतात, साधारण ९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. हातात उरले ३८३. ही फी दर वेळी लागते, म्हणून असं कार्ड असेल तर थोडेथोडे पॉइंट काढत बसू नका, साठवून एकदाच काढा. मात्र मुदत बघून. आणि वटवण्याचे मार्गही सारखे नसतात. तेच पॉइंट बिलात वळते केले तर कमी भाव मिळतो, एखाद्या दुकानाचं व्हाउचर घेतलं तर जास्त, असं पुष्कळदा होतं. अ‍ॅपमध्ये दोन्ही उघडून बघायला मिनिटभर लागतं.

हा हिशेब झाल्यावर कधीकधी गिऱ्हाईकच म्हणतं, “जाऊ दे रे.” तेही बरोबरच आहे. चाळीस रुपयांच्या पॉइंटसाठी तासभर चॅटवर बसण्यापेक्षा छप्पन दुकानवर जाऊन पोहे खाल्लेले बरे.

कॅशबॅक ट्रॅक झाला नाही

सगळ्यात जास्त वेळा येणारी अडचण ही, आणि नव्वद टक्के राग इथे गैरसमजातून येतो. त्यामुळे आत काय चालतं ते जरा नीट सांगतो.

कॅशबॅक देणारी साइट ही मधली दलाल असते. तिच्यामार्फत तुम्ही एखाद्या ऑनलाइन दुकानात गेलात आणि खरेदी केलीत, की दुकान तिला कमिशन देतं. त्यातला वाटा ती तुम्हाला देते. तुम्ही तिच्या लिंकवर दाबता तेव्हा त्या भेटीला एक क्रमांक मिळतो आणि ब्राउझरमध्ये एक छोटी खूण, म्हणजे कुकी, राहते. ऑर्डर पक्की झाली की दुकान ती खूण वाचतं आणि “हे गिऱ्हाईक अमक्याने आणलं” अशी नोंद करतं. खूण पुसली गेली, किंवा तिच्यावर दुसऱ्या कुणाची खूण बसली, की संपलं. बहुतेक दुकानं ज्याची खूण शेवटची त्यालाच कमिशन देतात.

आता बघा, आपण काय करतो. कॅशबॅकच्या लिंकवरून जातो. पैसे भरायच्या आधी आठवतं की कुपन शोधावं. दुसऱ्या टॅबमध्ये कुपनची साइट उघडतो, तिथल्या ‘कोड दाखवा’वर दाबतो. तेवढ्यात त्या साइटची खूण वर बसते. कोड चालला नाही तरी बसते. किंवा ब्राउझरमध्ये भाव ताडून बघणारं एखादं एक्स्टेन्शन असतं, ते स्वतःच आपली खूण लावतं. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन असेल तर मुळात पहिलीच खूण बसत नाही. शिवाय मोबाईलवर लिंक ब्राउझरमधून उडी मारून दुकानाच्या अ‍ॅपमध्ये जाते. त्या दुकानाने अ‍ॅपवरची खरेदी मोजायची नाही असं ठरवलेलं असलं, की नोंद होत नाही.

सामान आधीच कार्टमध्ये भरून ठेवलं होतं का, हेही मी विचारतो. काही दुकानं लिंकवरून आल्यानंतर कार्टमध्ये टाकलेल्या वस्तूच धरतात. आठवडाभर कार्टमध्ये पडलेला मिक्सर कॅशबॅकच्या लिंकवरून जाऊन घेतला, तर तो ‘आणलेल्या गिऱ्हाइकाचा’ ठरेलच असं नाही.

आणि रक्कम. समजा मिक्सर ३,५४० रुपयांचा, कॅशबॅक पाच टक्के. तुम्ही १७७ रुपये धरून बसता, येतात १५०. कारण ३,५४० मध्ये १८ टक्के जीएसटी आहे, मूळ किंमत ३,०००. कर, डिलिव्हरीचा खर्च आणि कुपनची सूट वजा करून उरलेल्यावरच बहुतेक ठिकाणी टक्के लागतात. मोबाईल, सोन्याची नाणी, गिफ्ट कार्ड यांना पुष्कळदा कॅशबॅकच नसतो, किंवा नावापुरता असतो. ते अटींच्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही, आणि वाचावं अशा अक्षरात ते छापलेलंही नसतं.

मग करायचं काय? ऑर्डर देताना : नवीन विंडो उघडा, इनकॉग्निटो नको, अडवणारी एक्स्टेन्शनं तेवढ्यापुरती बंद, कार्ट रिकामी. लिंकवर दाबा, सामान घाला, त्याच बैठकीत पैसे भरा. कुपन लावायचं तर त्याच कॅशबॅक साइटवर दिलेलं. आणि क्लिक केल्याची वेळ दिसेल असा एक स्क्रीनशॉट ठेवा.

ऑर्डर होऊन गेली असेल तर आधी दोनतीन दिवस थांबा, नोंद लगेच येतेच असं नाही. मग कॅशबॅक साइटवर आपल्या खात्यात ‘माझे क्लिक’ किंवा तत्सम यादी असते ती बघा. त्यात त्या दिवशीची ती भेट दिसत नसेल तर भांडायला जागा नाही. दिसत असेल तर ‘मिसिंग कॅशबॅक’चा दावा टाका : ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, बिलाची पीडीएफ. दाव्याला मुदत असते, ती गेली की दार बंद.

अजून एक. ‘पेंडिंग’ म्हणजे बुडाले असं नाही. दुकान वस्तू परत करण्याची मुदत संपेपर्यंत कमिशन पक्कं करत नाही. महिना-दोन महिने लागतात, कधी तीन. प्रवासाचं किंवा हॉटेलचं बुकिंग असेल तर प्रवास होऊन गेल्यावर. संक्रांतीचं तिकीट दिवाळीत काढून दिवाळीतच कॅशबॅक मागणाऱ्यांना माझ्याकडे औषध नाही.

कार्डावरचे आणि काउंटरवरचे पॉइंट

कार्डाचे पॉइंट बऱ्याचदा बिल तयार झाल्यावर दिसतात, खरेदीच्या दिवशी नाही. पेट्रोल, वॉलेटमध्ये पैसे टाकणं, भाडं, सरकारी भरणा, ईएमआय यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. पेट्रोलवर अधिभाराची एक टक्का सूट मिळते ती वेगळी, ते पॉइंट नव्हेत. वस्तू परत केली की मिळालेले पॉइंट मागे घेतले जातात, आणि तेवढे शिल्लक नसतील तर खातं उणेतही जातं.

मॉलमधल्या काउंटरवरच्या पॉइंटची गोष्ट सरळ असते : नंबर चुकीचा. विजयनगरच्या मॉलमध्ये वहिनींनी स्वतःचा नंबर सांगितला, गेल्या वेळी दादांचा सांगितला होता, त्याआधी मुलाचा. तीन खाती झाली, तिन्हींत थोडेथोडे. दुकानवाल्यांना सांगून खाती एक होतात का विचारा. काही करतात. बिलासाठी मोबाईल नंबर द्यायलाच हवा असा आग्रह दुकानदाराने धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. पॉइंट नको असतील तर नंबर न देता बिल मागायला संकोच करू नका.

जुना नंबर बंद केलाय आणि पॉइंट त्याच्यावर आहेत, असं असेल तर घाई करा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्या परक्या माणसाच्या फोनवर जातो. नंबर बंद करायच्या आधीच सगळीकडे बदलून घ्यायला हवा. विमानाचे माइल्स, हॉटेलचे पॉइंट असलेल्या खात्यांना तर वेगळा पासवर्ड ठेवा. ईमेलचाच पासवर्ड तिथे असेल तर एकीकडून फुटलेला पासवर्ड चोर सगळीकडे लावून बघतात, आणि पॉइंट चोरीला गेल्याचं महिनोन्‌महिने कळतही नाही.

‘आज संपणार’वाला मेसेज

आता दुसरी तक्रार. आमच्या मंडळातल्या एक काकू, निवृत्त शिक्षिका. त्यांनी फोन पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेचा लोगो, खाली इंग्रजीत ‘डिअर व्हॅल्यू कस्टमर’ अशी अर्धवट सुरुवात, ९,९८० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत, रोख रक्कम खात्यात घेण्यासाठी अ‍ॅप टाका. आणि खाली चिकटवलेली फाइल, जिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल.

“अरे, पण नाव बँकेचंच आहे.”

“काकू, नाव कुणीही लावेल. वर नंबर बघा, दहा आकडी साधा मोबाईल आहे.”

“आणि हा मला पाठवलाय कुणी? आपल्या ग्रुपवरच्या जोशीबाईंनी!”

हेच यातलं सगळ्यात वाईट. ज्यांचा फोन आधी बळी पडला, त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाइल पुढे जाते. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून लोक दाबतात. जोशीबाईंना पत्ताही नव्हता.

स्टेट बँकेच्या नावाने फिरणारा हा मेसेज केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने २०२४ मध्ये खोटा असल्याचं जाहीर केलं, आणि आपण एसएमएसवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर असल्या लिंक व एपीके पाठवत नाही, हे बँकेनेही सांगितलं. नाव बदलून हाच मेसेज इतर बँकांच्याही नावाने येतो. आधी ‘आज रात्री वीज तोडणार’ असे मेसेज यायचे, आता पॉइंट. साचा तोच : रात्रीची मुदत, अगदी नेमका आकडा, आणि एकच बटण.

खरं-खोटं ओळखायच्या काही खुणा. २०२५ पासून कंपन्यांच्या एसएमएसच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि पी, एस, टी किंवा जी असं अक्षर येतं, म्हणजे जाहिरात, सेवा, व्यवहार किंवा सरकारी. साध्या मोबाईल नंबरवरून आलेला ‘बँकेचा’ मेसेज बँकेचा नव्हे. बँकांनी व्यवहारांसंबंधीचे फोन १६००ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये ठरवून दिलं. बँकांच्या साइट आता ‘डॉट बँक डॉट इन’वर आल्या आहेत. पण पॉइंटची साइट वेगळ्या पत्त्यावर असू शकते, त्यामुळे या खुणा पाठ करण्यापेक्षा सोपं काम करा : मेसेज बंद करा, बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडा, रिवॉर्ड्सवर जा. किती पॉइंट आहेत आणि कोणते कधी संपणार ते तिथे लिहिलेलं असतं. काकूंचे होते ३१२. म्हणजे अठ्ठ्याहत्तर रुपये.

एपीके टाकून बसलात तर

आधी ती फाइल काय करते ते. फोन विचारतो, “व्हॉट्सअ‍ॅपला अनोळखी अ‍ॅप टाकू द्यायचं का?” हो म्हटलं की अ‍ॅप येतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग हुबेहूब बँकेसारखा फॉर्म : कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. भरलं की आयकॉन गायब होतो आणि लोकांना वाटतं, चाललंच नाही. ते चालूच असतं. येणारा प्रत्येक ओटीपी पलीकडे जात राहतो.

म्हणून सगळ्यात आधी फोन एअरप्लेन मोडवर. नुसतं वायफाय बंद करून भागत नाही, ओटीपी एसएमएसनेही पुढे पाठवता येतो. मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बँकेला फोन करा. नंबर कार्डाच्या मागे छापलेला आहे, गूगल नको. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं थांबवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर तक्रार. १९३०वर नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. पैसे तिथून पुढे सरकायला फार वेळ लागत नाही, म्हणून “आधी मुलाला विचारतो, संध्याकाळी येईल तो” असं करू नका.

त्यानंतर फोन. आधी मेसेजचे, नंबरचे, व्यवहारांचे स्क्रीनशॉट घ्या, पुरावा लागतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या यादीत अनोळखी नाव शोधा. काढू देत नसेल तर ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधली त्याची परवानगी आधी बंद करा, तरीही नाही गेलं तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. अ‍ॅप गेल्यावर नेटवर्क चालू करून *#२१# डायल करा, तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का ते दिसेल. ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा, अनोळखी असेल ते लॉग आउट करा. मग फोटो काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट. जेल रोडवरच्या मोबाईलच्या दुकानात नेऊन करून घेतलात तरी चालेल, पण बँकेत आणि १९३०वर तक्रार झाल्यानंतरच. आधी फोन साफ करून मागून तक्रारीला आलेल्यांकडे दाखवायला काही उरत नाही. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

बँक म्हणेल, ओटीपी तुम्हीच दिला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर कळवण्यापूर्वीचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची, तोंडी नको, तक्रार क्रमांक किंवा ईमेल हवा. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.

स्क्रॅच कार्ड, एक रुपयाचं बक्षीस वगैरे

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून चाललेत, मग वर ‘कॅशबॅक’ लिहिलेलं असो की ‘अभिनंदन’. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, तेव्हा तो एक रस्ता गेला. क्यूआर स्कॅन करायला लावणारे अजून आहेत.

‘एक रुपयात व्हाउचर’वाल्या ऑफरमध्ये मात्र कायदेशीर गोष्टही अडकवते : रुपया देताना ऑटोपेला मंजुरी दिली जाते आणि पुढच्या महिन्यापासून तीनशे-चारशे कापले जातात. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडा. नको ती मंजुरी तिथेच रद्द होते, कुणाला फोन करावा लागत नाही. काकूंच्या यादीत एक भजनांचं अ‍ॅप निघालं. ते त्यांनी ठेवलं.

आणि टेलिग्रामवर हॉटेलांना स्टार देऊन पॉइंट कमवा, आधी हजार भरा मग दीड हजार मिळतील, हे लॉयल्टी प्रोग्राम नव्हेत. पहिले दीडशे-दोनशे खरंच देतात. कमावलेले काढायला आधी ‘टॅक्स’ भरा असं कुणी म्हणालं, की तिथून पुढे एक रुपयाही टाकायचा नाही. आणि त्यांचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवायला अजिबात होकार देऊ नका, त्यात तुमचंच खातं गोठतं आणि पोलीस तुमच्याच दारात येतात.

दुकानात येणार असाल तर कॅशबॅकच्या तक्रारीसाठी ऑर्डरचं बिल आणि क्लिकचा स्क्रीनशॉट घेऊन या. एपीकेच्या तक्रारीसाठी काहीही न शोधता, फोन एअरप्लेन मोडवर टाकून, बँकेचं पासबुक घेऊन या. १९३०ला फोन मात्र घरूनच, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावून निघा.